बत्तीस की चाळीस

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरी भावजींना वहिनीचे आशीर्वाद.

त्या सोमवारी चादरींना खळ देऊन झाली होती, चहाची भांडी विसळून पालथी घातली होती आणि चौदा गठ्ठे गाडीत भरून मी निघणार, तोच हे वही काखोटीला मारून शेजारी येऊन बसले. यांचा आजार नुकताच कळला होता. टेकडीवरच्या गेस्ट हाउसला इस्त्रीच्या चादरी पोचवायला मी एकटीच जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र यांनी हट्टच धरला. रस्ताभर स्वतःहून अवाक्षर नाही. नजर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर आणि मधूनमधून वहीत काहीतरी खरडणं. मी वैतागून म्हटलं, बाहेर इतकं छान ऊन पडलंय, जरा रस्त्याकडे तरी बघा. तर म्हणाले, रस्ता तू बघ, काटा मी बघतो. वळणावर मागे ठेवलेला खळीचा डबा लवंडला आणि वही भिजली. मी ती फडक्याने पुसली खरी, पण त्यावरूनही आमची जुंपली. इतकी साधी सकाळ, पण हल्ली भांडी पालथी घालताना रोज तीच आठवते.

कामाचं लिहिते. त्या सोमवारनंतर आठवड्याने यांनी याच गाडीचं इंजिन उघडलं, तुमच्या पुढच्या शर्यतीसाठीच असणार, हे तुम्ही इथे आला होतात तेव्हा पाहिलंत. सगळं जुळवून झालं. फक्त हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर बसवायचा राहिला आणि हे दवाखान्यात गेले ते गेलेच. इंजिनाच्या तोंडावर फडकं बांधून ठेवलंय, त्याला आता सात महिने होतील. माझे गठ्ठे तोवर शेजारचे लेथवाले काका त्यांच्या टेम्पोतून पोचवतात.

फळीवर यांनी आणून ठेवलेलं खोकं मी परवा उघडलं. आत बत्तीसचा कार्ब्युरेटर आहे, म्हणजे हवा जाण्याचा गळा बत्तीस मिलीमीटर रुंद. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एवढंच आहे: फेरे ५०००, आणि खाली बत्तीस. आधीची दोन इंजिनं यांनी तुमच्या शर्यतींसाठी केली, तेव्हा दोन्हींवर चाळीसचा होता. मग या वेळी असं का? पत्राने कळवा. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नका.

तुमची वहिनी

---

ता. १३ फेब्रुवारी

ती. वहिनींना सा. न.

पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. तुम्ही गळ्याची मापं बघता, वहीतले आकडे वाचता, हे दादाने पाहिलं असतं तर गॅरेजभर मिरवला असता.

आता खरं लिहितो, रागावू नका. बत्तीसचा त्या इंजिनाला पुरणार नाही. दादानेच मला शिकवलेला हिशोब आहे: इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणून सोळाशे सीसीच्या निम्मे घ्यायचे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं. मी चढाच्या शर्यतीत साडेसात हजारांपर्यंत पळवतो. म्हणजे मिनिटाला सहा हजार लिटर हवा. त्याला चाळीसचाच गळा हवा. पाच हजार फेऱ्यांवर कोण शर्यत लावतं, वहिनी?

मी शेवटचा आलो तेव्हा दादाने मला एका तासात तीनदा विचारलं की चहा घेतलास का. दहाचा पाना मोरीत सापडला, आठवतं ना? हात तोच होता, पण डोकं थकलं होतं. आकडा चुकला असेल. त्यात त्याचा काही दोष नाही.

माझा जुना चाळीसचा पार्सलने पाठवतो आहे. तो बसवा. एप्रिलअखेरीस चढाची शर्यत आहे. दादाचं शेवटचं इंजिन एकदा वरपर्यंत नेलं की मी तुमची ही गाडी विकून देईन आणि रिकामा होईन. तुमच्या ओरड्याला पात्र असलेला,

भिंगरी

---

ता. २ मार्च

चि. भावजींना आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आत कार्ब्युरेटरपेक्षा वर्तमानपत्रंच जास्त निघाली. सगळी वाचून काढली, आभारी आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही. हे आजारी होते, चहाचं विसरायचे, पाना कुठेही ठेवायचे. पण एकतीस वर्षांत यांचा मापाचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही. शेवटचाच चुकला का, एवढंच मला कळायला हवं. गाडी पळो न पळो. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की हाच विचार येतो, की ज्या माणसाजवळ मी रोज बसत होते तो तेव्हाच निघून गेला होता आणि मला पत्ताच लागला नाही.

म्हणून तुमचं ऐकून पाहिलं. काकांनी बॅटरीचा उजेड धरला, नट मी आवळले. काका सारखे म्हणत होते की बाईमाणसाने एवढं आवळू नये, आटे जातील. मी म्हटलं, एकतीस वर्षं पाने हातात देत आले, आता एकदा स्वतः फिरवू द्या.

सुरू झालं. भावजी, ते सुरू झालं तेव्हा मी काकांसमोर रडले, हे तुम्हाला सांगून टाकते. सात महिन्यांनी घरात यांच्या हातचं काहीतरी बोललं.

पण बोलणं बरोबर नव्हतं. उभ्या जागी धडधडतं. चढाच्या पायथ्याशी पाय दाबला की आधी ठसका, मग गप्प, मग एकदम उसळी. दोन वेळा बंद पडलं. काका म्हणाले पेट्रोलचं जेट बदलू. मी यांच्या पुस्तकात तीन दिवस घालवले. त्यात लिहिलंय की गळा फार रुंद असला की हवा त्यातून रेंगाळत जाते, आणि रेंगाळणारी हवा पेट्रोल नीट ओढून घेत नाही. मला ते असं कळलं: बारीक नळीने सरबत ओढलं की घोट वर येतो, पाइपाने ओढायला गेलं तर तोंडात नुसता वारा.

बरोबर आवाज आला की हे बोलता बोलता थांबायचे आणि मान जराशी डावीकडे कलायची. तुम्ही पाहिलंय ते. मला तो आवाज हवाय. मान दिसणार नाही हे मला कळतं.

उत्तर लवकर द्या. माझ्यावरचा लोभ शर्यतीपुरता नसावा.

तुमची वहिनी

---

ता. ११ मार्च

ती. वहिनींना सा. न.

माझ्या त्या वाक्याची मला लाज वाटते. तरी तुम्ही पत्रात ओरडला नाहीत, ते जास्त लागलं.

पण कार्ब्युरेटरचं म्हणाल तर तो निर्दोष आहे. चाळीसचा खाली झोपलेलाच असतो, साडेपाच-सहा हजारांवर जागा होतो. तो तुमच्यावर रुसलाय, कारण तुम्ही त्याला तिथवर नेतच नाही! वहिनी, मी तुमच्या शेजारी बसून चादरी पोचवायला आलोय. तिसऱ्या गिअरात गाडी कण्हते तरी तुम्ही पाय दाबत नाही, मागचे गठ्ठे पडतील म्हणून. तुमच्या पायाखाली काटा जन्मात कधी पाच हजारांपुढे गेलाय का? त्यामुळे गाडीची परीक्षा तुम्ही घेऊ नका. मी येतो, मी पळवतो, मग ऐका आवाज.

इथे खोलीत दादाचा जुना कोट खुंटीला आहे. त्याच्या खिशात गॅस्केटचा तुकडा सापडला. तो फेकवत नाही आणि जपून तरी काय करणार, कळत नाही. तेवढा कान उपटून पुन्हा जवळ घ्यावं.

भिंगरी

---

ता. २० मार्च

चि. भिंगरी भावजींना पुष्कळ आशीर्वाद.

तुमची थट्टा मी आधी हसत वाचली. मग चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

पाच हजारांपुढे कधी गेलाय का, असं तुम्ही विचारलंत. पाच हजार. तोच आकडा.

मी हात पुसून वही काढली. शेवटचं पान तुम्हाला कळवलं होतंच. त्याच्या आधीचं पान आजवर नुसतं उलटत होते, काल मात्र बोटांत धरून पाहिलं. माझं सगळं आयुष्य चादरींच्या घड्या करण्यात गेलं. दोन पदर एकमेकांना चिकटले असले तर मला बघावं लागत नाही, बोटांना कळतं. ते एक पान नव्हतं, दोन होती. खळीने चिकटलेली. माझ्याच खळीने, त्याच सोमवारच्या.

सुरी लावली असती तर फाटली असती. पण हे काम मला येतं. इस्त्री तापवली, ओलं फडकं मध्ये धरलं, आणि वाफेवर एकेक बोट सरकत पानं सोडवली. अर्धा तास लागला. शाई थोडी पसरलीय, पण सगळं वाचता येतं.

वर त्या सोमवारची तारीख आहे. खाली ओळीने लिहिलंय: फाटक ते पूल, बत्तीसशे. पूल ते शाळा, छत्तीसशे. शाळेचं वळण, दुसरा गिअर, एकेचाळीसशे, इथे गाडी दम तोडते, हिला थांबून पहिल्या गिअरपासून उचलावी लागते. शेवटचा चढ, चौदा गठ्ठे, पाच हजार. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली यांच्या अक्षरात जे आहे ते जसंच्या तसं उतरवते: हिचा पाय पाच हजारांपुढे जात नाही. जाऊ नये. जे द्यायचं ते त्याच्या आतच द्यायचं. कॅम मवाळ घासून घेणे, गळा बत्तीस. वळणावर हिला थांबावं लागू नये.

मी लगेच काकांकडे गेले. कॅम, म्हणजे वाल्व्ह उघडणारा दांडा, त्यांनीच घासला होता. विचारलं तर म्हणाले, हो, मवाळच करून मागितला होता, म्हणजे कमी फेऱ्यांवरच जोर देणारा, शर्यतीच्या इंजिनाला असा का म्हणून मीही चिडवलं होतं. त्यावर हे नुसते हसले होते. मला आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर काका म्हणाले, तू कुठे विचारलंस.

तेव्हा भावजी, आकडा बरोबर होता. आपण दोघांनी माणूस चुकीचा धरला. तुम्हाला वाटलं इंजिन तुमचं आणि मलाही वाटलं तुमचं, कारण इतकं चांगलं इंजिन यांनी नेहमी तुमच्यासाठीच केलं. गठ्ठे वाहणाऱ्या बाईसाठी कोणी सिलिंडरची तोंडं आरशासारखी घासतं का? मी त्या वळणाबद्दल एकदा कुरकुरले असेन, दोनदा असेन. यांनी ऐकलेलं मला माहीतच नव्हतं. आणि त्या सकाळी हे बोलत नाहीत म्हणून मी यांच्यावर रुसले होते.

एकच वाटत राहतं. तोंडाने सांगितलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की बरं. तेवढं बरं म्हणायचं राहून गेलं.

तुमचा चाळीसचा नीट पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला आहे, परत पाठवते. गाडी मात्र विकायला देणार नाही, आणि शर्यतीलाही नाही. तुम्ही मनाला लावून घ्याल, घ्या. नंतर इकडे या. तो कोट घेऊन या, गॅस्केटच्या तुकड्यासकट. शेजारच्या सीटवर तुम्हाला बसवून पुलापर्यंत नेईन, हळूच.

बत्तीसचा आज दुपारी मी एकटीने बसवला. सुरू केलेला नाही. उद्या सोमवार आहे.

माझ्यावर रागवा, पण पत्र थांबवू नका.

तुमची वहिनी

ता. क. (२१ मार्च) : पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून एवढं लिहिते. आज सकाळी चहाची भांडी पालथी घातली, चौदा गठ्ठे भरले आणि गाडी काढली. शाळेच्या वळणावर दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. थांबावं लागलं नाही. काट्याकडे मी पाहिलं नाही, रस्ता पाहिला.