कावळ्यांनी ओळखलेला चेहरा

माय, तुझ्या शेवटच्या इच्छेविषयी गावाने जे ठरवले ते खोटे होते, आणि ते खोटे आहे हे घाटावर एकट्या मला ठाऊक होते.

निजामी अमलातले ते दिवस. हैदराबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्र उर्दूतून शिकून मी परतलो होतो आणि गंगाखेडात कुणाचेच बोलणे मला नेमके वाटत नव्हते. तू चुलीपुढून उठून पहिला घास परसातल्या लिंबाखाली ठेवतेस, 'कावळा आला' म्हणतेस, आणि मी दुरुस्त करतो: सबंध काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा, अंगाने लहान, राखी मानेचा हा गावकावळा. "त्याची मान मोजायलास," तू हसतेस, "माज्या भाकरी कोन मोजंल?"

घासावर येणाऱ्या त्या थव्यात एक पक्षी इतरांहून लहान होता, त्याची मान मळकट होती. ही निराळी जात असावी असे ठरवून मापे घेण्यासाठी मी त्याला गलोलीने पाडले. चोच उघडून पाहिली तर आत लालसर. त्याच सालचे पिल्लू. क्षणात लिंब कावळ्यांनी भरला. पुढे मी दिसलो की थवा डोक्यावर झेपावे; तू घास ठेवलास की मी दाराआड होई. तुझ्या सुनेला, माझ्या बायकोला, माझी टोपी घालून अंगणात पाठवले, तर तिला त्यांनी काही केले नाही. ते चेहरा ओळखतात, अशी नोंद मी मोठ्या समाधानाने केली. तू मात्र माझ्यापुढे ताट आदळलेस. "मापासाठी लेकरू मारलंस व्हय रं?"

त्याच वर्षी पटकीने तू गेलीस. तुझे सगळे तुझ्या सुनेने एकटीने काढले. मला तो वास सहन होत नव्हता. दहाव्याला गोदेच्या घाटावर पिंड मांडला. पिंपळावर तेच कावळे ओरडत होते, एकही खाली उतरेना. मी तिथून निघून गेलो असतो तर ते उतरले असते.

"कावळ्याला बी तुज्या कालिजाचा कागद दावावा का?" काका म्हणाले. मग चुलती तुझ्या सुनेकडे वळली. "म्हातारीचा जीव हिच्यात अडकलाय. घोटभर पानी दिलं नसंल हिनं."

ती पिंडापुढे वाकली. "आत्याबाई, माजं चुकलं असंल तर पदरात घ्या." तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. मी पिंपळाकडे पाहत राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. ती गोष्ट गावाने तिच्या नावावर ठेवली, ती कायमची.

ते कावळे केव्हाच मेले असतील. ती अजून तुझ्या नावाने घास ठेवते आणि हात जोडून उभी राहते. तुला लिहिलेला हा कागद तिला वाचून दाखवण्याचे आज ठरवले होते. पण तिने घास ठेवला तसा मी, सवयीने, दाराआड झालो.