तक्त्याची शेवटची ओळ

४ मार्च, सोमवार

डबा भरला, वेणी घातली, बस मिळाली — आणि पायातले दोन्ही बूट एकाच जोडीचे! विजय क्रमांक एक.

ही वही ताईची कृपा. परवा आली होती, माझं रडगाणं ऐकून कंटाळली. "रोज एक तरी जिंकलेली गोष्ट लिही. चिमूटभर असली तरी चालेल." मोठ्या बहिणीपुढे काय बोलणार? तर लिहितेय, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. समोर चौदा चष्म्यांना काचा बसवायच्या राहिल्यात. राहू देत पाच मिनिटं.

६ मार्च, बुधवार

वहीचा आता खेळ झालाय. जेवताना प्रत्येकाने आपला आजचा विजय सांगायचा आणि पाण्याचे पेले एकमेकांवर आपटायचे. प्रत्येकाने म्हणजे मी आणि माझ्या लेकीने, ठकीने. तिचे बाबा नोकरीसाठी बाहेरगावी, शनिवार-रविवारचे पाहुणे.

ठकी नऊ वर्षांची, पण विजयांच्या बाबतीत माझ्यापुढे. "मी पाणी सांडलं नाही." "मी माझी नखं कापली." काल म्हणाली, "मी दुकानात तुला एकदाही हाक मारली नाही." मी केवढ्या जोरात पेला आपटला!

८ मार्च, शुक्रवार

शाळेतून बोलावणं. अर्धा दिवस गेला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण फळ्यावरचं उतरवून घेतच नाही. सारखं शेजारणीच्या वहीत डोकं. एकदा डोळे तपासून घ्या."

डोळे! मला सांगतायत! सोळा वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेय मी. म्हटलं, "बघते. घरचंच काम आहे."

बाहेर आल्यावर ठकीला फैलावर घेतलं. नक्कल करतेस? लाज नाही वाटत? ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.

९ मार्च, शनिवार

दुकान बंद करता करता ठकीला खुर्चीत बसवलं. तिचे बाबा सातला पोचणार, घरी स्वयंपाकाचा पत्ता नाही. एक डोळा झाक, वाच. आता दुसरा झाक, वाच. अक्षरांचा अख्खा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा! कुठे अडखळली नाही. तीन मिनिटांत काम फत्ते. "उरकलं बाई एकदाचं!" म्हणून मी टाळी वाजवली. ठकीही हसली.

शिक्षिकेला चिठ्ठी लिहिली — नजर उत्तम आहे, वर्गात लक्ष द्यायला शिकवावं. जरा खोचकच लिहिली. पण या आठवड्यातला सगळ्यात मोठा विजय.

१४ मार्च, गुरुवार

इस्त्री न केलेला गणवेश कुणाच्या लक्षात आला नाही. विजय!

२० मार्च, बुधवार

आज विजय नाही. तरी लिहिते.

मालकांनी नवा तक्ता आणला. जुना पिवळा पडला होता. सकाळी मीच टांगला. दुपारी ठकी शाळा सुटल्यावर नेहमीसारखी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तीन वर्षं झाली, रोज दोन तास तिथेच बसते. एक आजोबा तपासायला आले होते. शेवटच्या ओळीला त्यांची गाडी अडली. ठकीला त्यांची दया आली असावी. हळूच सांगायला लागली, "ग, प, ठ, र, म..."

मालक हसले. "अगं ए, गिऱ्हाइकाला कॉपी पुरवतेस? मग मी चष्मे विकू कुणाला?" आजोबाही हसले, मीही हसले. मग तक्त्याकडे बघितलं. त्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं.

ती जुन्या तक्त्याची ओळ होती. रोज दहा-बारा गिऱ्हाइकं तो मोठ्याने वाचतात. तीन वर्षं ऐकून तिला तोंडपाठ झालाय.

आजोबा गेल्यावर तिला खुर्चीत बसवलं. डावा डोळा झाकला. "सगळ्यात वरचं, मोठं अक्षर कोणतं?" पुन्हा विचारलं. तर म्हणाली, "आई, तू एकदा सांग ना, मी लगेच पाठ करते."

२२ मार्च, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डाव्याला थोडा नंबर, उजव्याला बराच. शिवाय उजवा आळसावलाय, मेंदूने त्याच्याकडून काम घेणंच सोडलंय. आता चष्मा, आणि डाव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी, म्हणजे उजवा झक मारत काम करेल. विचारलं, "पूर्ण सुधारेल ना?"

"तीन-चार वर्षांपूर्वी आणलं असतंत तर छातीठोकपणे हो म्हटलं असतं. आता प्रयत्न करू." मग म्हणाले, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पट्ट्यांची चिठ्ठी लिहून हातात दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तीन वर्षं माझ्यापासून चार पावलांवर बसलीय ती. दिवसभर मी लोकांना विचारते — ही काच बरी की ती? आता स्पष्ट दिसतं? घाई नाही, सावकाश सांगा. पोटच्या पोरीला मात्र तीन मिनिटं!

येताना बसमध्ये विचारलं, पाठ केलेलं का म्हणून दाखवलंस? म्हणाली, "तुला घाई होती. आणि माझं चुकलं असतं तर तुझा विजय गेला असता."

२३ मार्च, शनिवार

तिच्या बाबांना सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. तो म्हणाला, "मी दोन दिवसांचा बाप. मला बोलायला तोंड कुठाय?"

शिक्षिकेला दुसरी चिठ्ठी लिहिली. तीन कागद फाडले. ठकीची माफी मागितली, तिला नक्कल करणारी म्हटलं म्हणून. "असू दे गं," म्हणाली, एखाद्या मोठ्या बाईसारखी. ते फार लागलं.

३ एप्रिल, बुधवार

पट्टी लावून दहा दिवस झाले आणि ठकीने आज भिंतीवरच्या कॅलेंडरातलं बारीक अक्षर वाचलं! पेले आपटले, पाणी सांडलं, सांडू दे. ताईला फोन करून रडले.

५ एप्रिल, शुक्रवार

पट्टीची नाकाकडची कड सुटलेली होती. चिकटपणाच राहिला नव्हता, इतक्यांदा उचललेली. फटीतून चांगल्या डोळ्याने वाचत होती. बारा दिवस!

मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. ती म्हणाली, "पण तू किती खूश झालीस."

या वहीची मागची पानं वाचली. माझ्या विजयांत ती कुठे कुठे आहे ते बघितलं. न सांडणारी, न अडणारी, हाक न मारणारी. आणि मी त्यावर पेले आपटले! काय करून बसले मी हे?

आजपासून पेले बंद. ठकीला वाटलं, तिला शिक्षा. तुला नाही गं, म्हटलं. तिला पटलं नसावं.

९ एप्रिल, मंगळवार

आता तक्ता मीच करते. रोज नवा, चष्म्याच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने. पाठ करायची सोयच नाही. पट्टी स्वतः लावते, कडा दाबून.

तरी पठ्ठी हार मानत नाही. वरचं अक्षर वाचते, मग वळून माझ्या तोंडाकडे बघते आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देते. माझी भुवई हलली की लगेच बदलते. म्हणून आजपासून मी खुर्चीच्या मागे उभी राहते.

१७ एप्रिल, बुधवार

ठोकून देणं चालूच आहे. मी चूक म्हणत नाही, शाब्बासही म्हणत नाही. जीभ चावून उभी राहते. वहीत लिहायला काही नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

दोन ओळी नीट वाचल्या. तिसरीवर थांबली. बराच वेळ थांबली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मग म्हणाली, "आई, हे मला दिसत नाही."

मी आत जाऊन दोन पेले भरून आणले.