राणीची पिल्लं

तिसगाव,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. भागवत यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. दसरा झाला, कापसाची वेचणी चालू आहे, सासूबाईंचे गुडघे तेवढे कुरकुरतात. फोनवर मला हे बोलवत नाही, म्हणून हे पत्र ह्यांच्याबरोबर पाठवते आहे. सावकाश वाच.

तू बाळंतपणाला ठेवून गेलेली तुझी मांजरी राणीही बरी आहे. तू सांगितलंस ते सगळं करते. रोज विंचरते, उथळ ताटलीतच खायला देते, कारण खोल वाटीत तिचं चपटं तोंड बुडतं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे पुसते. ते सतत गळतात आणि गालावर तपकिरी चिकट थर साचतो. शेपटीखालचे केस घाणीने चिकटून गठ्ठे होतात, तेही मीच कातरते. मी गोठ्यात वाढलेली बाई, शेणाची मला कधी घाण वाटली नाही. पण त्या हातांनी नंतर भाकरी थापवत नाही.

पिल्लांचं तू विचारतोस आणि मी विषय बदलते. आता लिहिते.

एकही राहिलं नाही.

राणीला नाळ तोडता येईना, दात पोहोचतील असं तोंडच नाही तिला. मीच दोऱ्याने बांधून कापली. पिल्लांचं नाक दोन डोळ्यांच्या मधे रुतलेलं. आचळ तोंडात घेतलं की श्वास कोंडायचा, सोडलं की उपाशी. सासूबाई शेळीचं दूध पातळ करून कापसाच्या बोळ्याने पाजत बसल्या, तर ते नाकातून बाहेर यायचं. एकाची टाळूच फाटलेली होती. त्या म्हणाल्या, "पंकजा, ह्यास्नी नाकच न्हाई गं. देव असं करत न्हाई, हे कुनीतरी केलंय."

त्याच दिवशी तुझा फोन आला. राणी कुणाकडून गाभण राहिली होती, हे मी सहज विचारलं. तू हसत म्हणालास, "तिच्या बापाकडूनच, ताई. बाप-लेकीचं जमवलं की तोंड लवकर चपटं होतं. जेवढं चपटं तेवढी पिल्लांना बाजारात मागणी." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. तुला वाटलं, रेंज गेली.

भागवत, आपल्या आप्पांना अक्षरओळख नव्हती, पण बोकडाच्या लेकी, त्या तरण्या पाटी, माजावर यायच्या आत ते कळपातला बोकड बदलायचे. आपला मिरी गावाला मामांकडे, त्यांचा आपल्याकडे. बापाखाली लेक द्यायची नाही, म्हणायचे, जनावर असलं म्हणून काय झालं. त्या बोकडाचं दावं धरून मिरीपर्यंत तूच जायचास. निरोप देताना रडायचास. तो पोरगा आणि फोनवर हसणारा माणूस एकच आहेत, हे मला पटत नाही. मांजराची किळस साबणाने जाते रे. तुझी आलेली किळस जात नाही.

राणी आता चुलीजवळ झोपते आणि झोपेतही घोरते. दम लागल्यासारखी. परवा अंगणात उंदीर आला, तिने नुसतं पाहिलं. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "लई मोठ्या घरची लेक हाय ती." मग तिला मांडीवर घेऊन डोळे पुसत बसल्या.

दिवाळीनंतर तिला परत आण, पुन्हा बापाजवळ ठेवायचीय, असा तुझा निरोप मिळाला. तिचं दूध आटलं तसं गेल्या सोमवारी मी तिला टोपलीत घालून एसटीने नगरला नेलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलं. तिला आता पिल्लं होणार नाहीत. येता-जाता रिक्षा तुझ्या फाटकावरून गेली. माहेर म्हणून तेवढंच घर उरलंय मला, तरी उतरले नाही.

तू चिडशील, चिड. मांजर तुझं, तुला न विचारता केलं, हे मला कळतं. पण ती परत मिळणार नाही.

भाऊबीजेला मात्र ये. पाट मांडलेला असेल, मी ओवाळीन. ताटात काही टाकू नकोस. यंदाची ओवाळणी मी आधीच घेतली आहे.

तुझी,
पंकजाताई