बाईंनी न केलेली सही

मी, खाली सही करणारा, सरकारी दफ्तरखान्यात जन्मभर जुने कागद सांधत आणि बांधत आलेला निवृत्त बाइंडर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावेत.

१. राहतं घर पत्नीच्या हयातीत तिचं, तिच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मुलीला लग्नात दिलं तेवढं पुरे, असं माझा मेहुणा म्हणतो. मेहुण्याला या मृत्युपत्रात काहीही नाही. नेलेली शिडी तेवढी त्याने परत आणून द्यावी.

२. बँकेतली ठेव पत्नीची. तिने ती स्वतःवर खर्च करावी. ती करणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

३. दाभण, कात्र्या, हाडाची पट्टी आणि लाकडी प्रेस दफ्तरखान्याच्या बांधणी विभागाला. प्रेसचा स्क्रू अडतो. जोर लावू नये, तेल लावावं.

४. आमच्या अभिलेखपाल बाई गेल्या वर्षी वारल्या. माघारी सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत. कागदांच्या खोलीत त्या चहाचा कप नेऊ देत नसत, मग समोर कितीही मोठा माणूस असो. त्यांची शोकसभा साहेबांनी त्याच खोलीत घेतली आणि वर चहा दिला. एक कप चक्क कागदांवर ठेवलेला मी पाहिला. तो उचलून मी बाहेर आलो. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून आलं होतंच, पण राग जास्त होता. यापुढे त्या खोलीत चहा नेऊ नये, ही विनंती नव्हे.

५. बंद पडलेल्या एका अनाथाश्रमाचे कागद आमच्याकडे कापडात बांधून ठेवलेत. अशा गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणतो. दरवर्षी ते रद्दीच्या यादीत येत आणि बाई त्यावर सही करत नसत.

"कोण विचारायला येतंय ते?" साहेब म्हणत.

"मूल मोठं झालं की येईल."

"अहो बाई, साठ वर्षं झाली."

"मग म्हातारं होऊन येईल."

या हट्टापायी त्यांची बढती अडली, ती शेवटपर्यंत अडलेलीच राहिली.

६. मी त्याच अनाथाश्रमात वाढलो. ऑफिसात हे कोणाला सांगितलं नव्हतं; बाईंनी न सांगता ओळखलं. वाळवी लागलेला एक रुमाल त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यात मला आश्रमात दाखल केल्याच्या नोंदीचं पान होतं आणि पानावर माझ्या आईचा अंगठा. "मास्तर, हे सावकाश करा, घाई नाही," एवढंच म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन बसल्या. आईची तेवढीच एक खूण मी पाहिली आहे. शाई अजून जांभळी आहे. बाईंचे उपकार मी फेडू शकलो नाही.

७. आता साहेबांनी ते रुमाल पुन्हा यादीत घातलेत आणि अडवणारं कोणी उरलं नाही. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही निवृत्त आहात, आराम करा." ठीक. आराम करता करता बाईंनी शिकवलेला नियम आठवला. नोंदणी झालेल्या दस्तात ज्या कागदांचा आधार घेतला असेल, ते तो दस्त असेपर्यंत रद्दीत काढता येत नाहीत. आणि मृत्युपत्र कायम जपावं लागतं.

सबब जाहीर करतो की, मी कोण आणि कोणाचा, याला त्या कागदांखेरीज दुसरा पुरावा नाही. वरील सर्व वाटणी त्या अनाथाश्रमाच्या सर्व रुमालांच्या आधारे केली आहे. एकत्र आलेले कागद एकत्रच राहतात, असं बाई म्हणत; म्हणून एकही रुमाल वेगळा काढू नये. माझ्यामागून अजून कोणी म्हातारं होऊन येईल.

हा दस्त आजच नोंदवत आहे. बाईंनी सही केली नाही. मी करतो आहे.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही). दफ्तरखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी (सही).

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.

दिनांक: बाईंना जाऊन वर्ष झालं तो दिवस.

लिहून देणार: (सही), आणि शेजारी डाव्या हाताचा अंगठा, जांभळ्या शाईत.