पपनसाचे सात नमुने

१७ फेब्रुवारी २०२५

अब्बा गेले त्याचा चाळिसावा शुक्रवारी झाला. पाहुणे गेले, माझा भाऊ अरसलान दुबईला परत गेला. आता घरात अम्मी आणि मी. आज पुन्हा कामाला लागले – नाहीतर वेड लागेल!

सकाळी सातला अंगणातल्या पपनसाची पानं तोडली, द्रव नायट्रोजनच्या भांड्यात टाकली आणि रिक्षाने लॅबला नेली. थीसिसचा शेवटचा नमुना. तीन वर्षं हे एकच झाड धरून बसलेय. आळीतल्या सगळ्या बोअर खारट झाल्या. शैलेशकाकांची लिंबं गेली, नीताताईचा कढीपत्ता गेला. आमचं पपनस मात्र तसल्याच पाण्यावर हिरवंगार! गणपतीत अर्धी आळी आमच्याकडेच पपनस मागायला येते.

खारं पाणी लागलं की झाडातली काही जनुकं जागी होतात आणि बाकीच्यांना कामाला लावतात. घरातली थोरली मंडळीच म्हणायची. अशा थोरल्यांचं एक अख्खं घराणं मी पपनसात शोधलं. आमच्या झाडात ते निवांत झोपलेलं! म्हणून माझा निष्कर्ष – झाड इतकं दणकट की त्याला ताण जाणवतच नाही. माझ्या गाइड वसुंधरा मॅडम केवढ्या खूश झाल्या होत्या. अब्बांनी तर मशिदीत सगळ्यांना सांगितलं – आमचं झाड पीएच.डी. करतंय.

२४ फेब्रुवारी

पानांचे शेंडे करपलेत. खाली पानांचा सडा. अम्मी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघते. अंगण रस्त्याला लागून, त्यामुळे नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती बाहेर पाऊल टाकणार नाही.

"त्याला काय झालं गं?"

म्हटलं, रोग असेल काहीतरी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीतून बाजूला झाली.

३ मार्च

रिझल्ट आले. नऊपट!! थोरली मंडळी खडबडून जागी. नळ्यांची अदलाबदल केली असणार मी. रोज्याने डोकं चालत नाही.

४ मार्च

पुन्हा केलं. नऊपटच.

७ मार्च

कळलं.

तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा झाडाखाली पानं गोळा करत होते. अब्बांचा चौरंग तिथेच आहे. त्याच्याभोवतीची माती पांढरी पडलीय, मिठाची खपली थेट बुंध्यापर्यंत. आणि एकदम आठवलं – इथे कायम चिखल असायचा! अब्बा चिखलाच्या चपला घेऊन घरात यायचे आणि अम्मी रोज ओरडायची.

दिवसातून पाच वेळा, नमाजाआधी. गुडघे वाकत नाहीत म्हणून चौरंगावर बसून. नगरपालिकेच्या गोड्या पाण्याने हात, तोंड, आणि मग बादलीने सावकाश पाय. सगळं पाणी मुळाशी. मी वहीत काय लिहिलंय? – "सिंचन : फक्त बोअरचं पाणी." पाइप मीच टाकला होता ना! अब्बांचा वजू म्हणजे झाडाला पाणी घालणं, हे तीन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

झाड दणकट वगैरे काही नव्हतं. त्याला खारं पाणी कधी नीट लागलंच नव्हतं. अब्बा गेले आणि लागलं.

मलाही तसंच झालंय. खूप रडले. रोजा सोडायची, मगरिबची वेळ होऊन गेली तरी खजूर हातातच होता.

१० मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. माझी वही ओढून घेतली. मग – "आधीचा निष्कर्ष गेला, नशरा. पण गोडं पाणी कुठल्या दिवशी थांबलं हे तुला तारखेनिशी माहीत आहे. मोठ्या झाडावर असा डेटा कुणाकडे नसतो. दर बारा दिवसांनी सॅम्पल घे, असे अजून सहा. फक्त मध्ये गोडं पाणी घालू नकोस."

म्हणजे झाड मरू द्यायचं आणि मी टिपून ठेवायचं.

जूनमध्ये फेलोशिप संपते. तीन वर्षं पाण्यात, की झाड? हो म्हणून आले. तक्त्यात पहिल्या रकान्यात लिहायचं होतं – दिवस शून्य. लिहिलं, ५ जानेवारी. अब्बांची तारीख. मॅडमनी वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "सॉरी गं."

रात्री अरसलानला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, झाडच आहे ना! फोन आपटला.

१५ मार्च

दुसरा नमुना. झाडाकडे न बघता पानं तोडली.

३१ मार्च

ईद. शीरखुर्मा केला. अब्बांची वाटी सवयीने काढली गेली. कुणीच उचलून ठेवली नाही, दिवसभर तशीच.

८ एप्रिल

चौथा. आकडे फार सुंदर येतायत, रेघ सरळ वर चढतेय. मॅडम म्हणाल्या, मोठ्या जर्नलला पाठवू. मला माझीच किळस आली.

२६ एप्रिल

आज नाही राहवलं. पश्चिमेची बाजू पूर्ण वाळलीय. म्हटलं खड्ड्यात गेली डिग्री! नळाखाली बादली भरली आणि झाडापाशी नेली.

"नशरा! थांब."

अम्मी खिडकीत उभी. मी तिथूनच सांगायला सुरुवात केली – अम्मी, हा रोग नाहीये, मी खोटं बोलले –

"मला माहीत आहे. फोनवर अरसलानला सांगत होतीस ते ऐकलंय मी. आणि त्याच्याही आधी माहीत होतं. चाळीस वर्षं त्यांना तिथे वजू करताना बघितलंय. पानं करपली त्याच आठवड्यात कळलं झाड कशाने सुकतंय ते."

मी शास्त्रज्ञ! मला नऊपटचे आकडे दोनदा बघावे लागले आणि अम्मीला नुसती खिडकी पुरली.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुझ्या अभ्यासाचं असेल काही. तुझ्या अब्बांनी कुणाला त्याची एक फांदी छाटू दिली नाही. म्हणायचे, नशराच्या कामाचं आहे ते." मग म्हणाली, "किती नमुने राहिले?"

"दोन."

"मग बादली आत आण. कपडे भिजवायचेत."

आणली. रात्री ती नमाजाच्या मुसल्ल्यावर फार वेळ बसून होती. मी दाराशी उभी राहिले, आत जायचा धीर झाला नाही.

२ मे

सहावा.

१४ मे

काल अम्मीची इद्दत संपली. आज सातवा नमुना. हिरवी पानं फक्त शेंड्याला उरलीत, माझा हात पुरेना. अम्मी चार महिन्यांनी अंगणात आली. दोन्ही हातांनी फांदी खाली ओढून धरली. मी नुसतीच उभी. मग म्हणाली –

"तोड."