डाव्या डोळ्यातला फिका लाल

आप्पा, मला नसांचा आजार झाला आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात त्याला. तुम्ही असतात तर हे नाव मी तुमच्यापुढे घेतलंच नसतं. 'हाताला मुंग्या येतात' एवढंच सांगितलं असतं, आणि तुम्ही 'तेल लाव' म्हणून पुन्हा मागाकडे वळला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. डॉक्टरांना माझ्या नसा कळतात, घरच्यांना माझा त्रास कळतो, पण पैठणीचा पदर विणणाऱ्या बाईच्या बोटांना धागा लागेनासा होतो म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

मी सातवी-आठवीत असेन. शाळेतून आलं की दप्तर टाकून तुमच्या मागाशेजारी बसायचं आणि कांड्यांवर रेशीम गुंडाळून त्या भरायच्या, हे माझं काम. मला विणायला शिकवायचं असं तुमच्या मनात नव्हतं. पोरगी उद्या सासरी जाणार, तिला शिकवून काय, असं तुम्ही आईला म्हणालेलं मी ऐकलं होतं. पण तुमच्याबरोबर पदरावर बसणारे काका आजारी पडले, पदर एकट्यानं उरकेना. मग एका दुपारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या जागेवरून तुम्ही जरासे सरकलात आणि म्हणालात, "बस." बस म्हणालात आणि मी बसले, ती पुढे कायमचीच. त्या पहिल्याच पदरात एका मोराच्या गळ्याशी मी डाळिंबी लालाच्या जागी कुंकवाचा लाल घातला. चांगलं दोन बोटं विणून झाल्यावर तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ओरडला नाहीत. दोन्ही कांड्या उचलल्यात, मला दारात उन्हात नेलंत आणि त्या माझ्या डोळ्यांपुढे धरल्यात.

"आता सांग."

मला फरक दिसला. मी मान खाली घातली.

"घरात बसून लाल ओळखायचा नाय. जा, उसव सगळं."

मी रडत रडत उसवत होते आणि तुम्ही शेजारी बसून तुमचं विणत होतात. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, आणि तुम्ही गेल्यावर माग सासरी आला, कारण माहेरी दुसरं कुणी तो चालवणारं नव्हतं. येवल्यातल्या येवल्यात दोन गल्ल्या ओलांडून आला, एवढंच. काही वर्षांपूर्वी त्याच मागावर मी एक पदर विणत होते आणि दोन-तीन दिवस माझा डावा डोळा दुखत होता. नुसता ठेवला तर काही नाही, इकडे-तिकडे फिरवला की आतून खेचल्यासारखा. मग सकाळी बघते तर लाल रेशीम विटलेलं. वाटलं, रंगाऱ्यानं फसवलं. कांडी घेऊन दारात गेले. उजवा डोळा झाकला तर लाल विटकरीसारखा, मळका. डावा झाकला तर तोच लाल कुंकवासारखा लख्ख. कितीतरी वेळ मी दारात उभी राहून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकत होते. समोरच्या घरातली बाई विचारायला लागली, "काय गं, कुणाला खुणावतेस?" मी हसले आणि कांडी घेऊन आत आले. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर ठीक आहे म्हणाले, थेंब दिले. काही आठवड्यांनी लाल हळूहळू परत आला. आला म्हणून मीही विसरून गेले.

डोळा हा पहिला वार होता, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी मानेचं सुरू झालं. विणताना मान खाली घातली की मानेपासून पाठीतून थेट पायापर्यंत विजेचा झटका उतरायचा. एक क्षणच, पण नेमका मान वाकवली की. आणि मान वाकवल्याशिवाय विणणार कशी? मग पायाचे तळवे बधिर झाले, घोंगडीवर उभं असल्यासारखे. एकदा बाजारातून येताना पायातली चप्पल निसटली आणि मी तशीच पुढे चालत राहिले. मागून भाजीवाली ओरडली, "ताई, चप्पल राहिली की तुमची." भर बाजारात एका पायात चप्पल नाही आणि माझं मलाच ठाऊक नाही. त्या दिवशी मी खरी घाबरले.

सासूबाई म्हणाल्या, "त्र्यंबकला जाऊन शांत करून घेऊ. घराण्यातलं काहीतरी राहिलं आसंल." तुमचे जावई म्हणाले, "करू की. पण आधी डोक्याचा फोटो काढू." ते एसटीत कंडक्टर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी मात्र रजा टाकून माझ्या शेजारी प्रवासी म्हणून बसले. निफाड आलं. मग बाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत ते म्हणाले, "बसून प्रवास करायची सवयच नाही मला. झोप येते." आणि खरंच झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, आणि तो खांदा मला नीट जाणवतोय, याचंच मला केवढं समाधान वाटलं.

नाशिकच्या दवाखान्यात मला त्या मोठ्या नळीसारख्या मशीनमध्ये घातलं, मेंदूचे आणि मणक्याचे फोटो काढले, पाठीच्या कण्यातून पाणीही काढलं. मेंदूच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई आहेत. त्यांनी फोटो भिंतीवरच्या उजेडाला लावले आणि बोटानं पांढरे ठिपके दाखवले. काही मेंदूत होते, एक मानेत होता. मी विचारलं, "गाठी आहेत का?"

"गाठी नाहीत. व्रण आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या चुकून तुमच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर चाल करून गेल्यात. नसेच्या तंतूवर एक आवरण असतं. ते आवरण त्या खातात. मग मेंदूनं पाठवलेला निरोप हळू जातो, अर्धवट जातो, किंवा पोचतच नाही. डोळ्याच्या नसेवर हल्ला झाला तेव्हा तुमचा लाल रंग गेला. मानेत झाला म्हणून झटका आणि पाय."

"मग लाल परत कसा आला?"

"सूज उतरली, आणि शरीरानं थोडं आवरण पुन्हा चढवलं. पण ते पहिल्यासारखं जाड नसतं."

आप्पा, मला तेव्हा पैठणीची जर आठवली. जरीचा धागा म्हणजे आत रेशीम आणि त्यावर गुंडाळलेली चांदीची तार. वर्षानुवर्षं नेसून घडीवर जर झिजते, तार सुटते, आणि आतलं रेशीम उघडं पडतं. मी हे बोलून दाखवलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरंचसं तसंच. फक्त इथे आतला धागाही कालांतरानं तुटू शकतो. तो तुटू नये म्हणून आपण औषध लवकर सुरू करायचं." तुमच्या जावयांनी एकच प्रश्न विचारला, "आमच्या मुलीला होईल का?" त्या म्हणाल्या, धोका थोडा जास्त असतो, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. जावयांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मी विचारलं, "बरं होतं का हे?" तेव्हा डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, पूर्ण बरं होत नाही, हल्ले कमी करता येतात, पुढचा कधी येईल, कुठे येईल, ते सांगता येत नाही.

सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. पाय बरेचसे परत आले. मग कायमची इंजेक्शनं सुरू झाली, ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. सासूबाईंनी न सांगता दह्याचं पातेलं खालच्या खणात हलवलं आणि वरचा खण पुसून रिकामा केला. त्र्यंबकलाही आम्ही जाऊन आलो. सासूबाईंच्या मनाची शांती झाली, आणि त्यानं माझं काही बिघडलं नाही. इंजेक्शन मांडीत टोचायला मुलीनं शिकवलं, ती नाशिकला फार्मसी शिकते. सगळ्यात अवघड गेलं ते थकणं. कामाचा थकवा नाही हो हा. सकाळी उठून चहा ठेवला की अंगातलं सगळं संपून जातं. वरून काहीच दिसत नाही. लग्नाकार्यात बायका म्हणतात, "दिसतेस तर ठणठणीत." त्यांचं तरी काय चुकलं? आणि उन्हाळा. इथे सासरी माग पत्र्याखाली आहे. एप्रिलात दुपारी अंग तापलं की डावा डोळा पुन्हा धूसर होतो, ओला टॉवेल मानेवर ठेवून गार झालं की पुन्हा उजळतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी रडले, वाटलं आता गेलाच. डॉक्टरबाईंनी फोनवर समजावलं, हा नवा हल्ला नाही, जुनी दुखावलेली नस तापली की निरोप नीट नेत नाही, एवढंच.

मग तिसरा वार उजव्या हातावर झाला. नाशिकच्या एका बाईंनी सुनेसाठी पैठणी सांगितली होती. अंग विणून झालं होतं, पदर अर्धा झाला होता, आणि एके दिवशी माझ्या बोटांना धागा लागेना. हात हलायचा, चिमटीही व्हायची, पण चिमटीत धागा आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. दोन रंग एकमेकांत अडकवताना किती ओढायचं हे कधी कुणी शब्दांत सांगत नाही, ते बोटालाच माहीत असतं. माझा धागा एकतर सैल पडायचा नाहीतर तुटायचा. पुन्हा सलाइन झालं, पण या खेपेला हात लवकर वळेना. मी त्या बाईंना फोन करून खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, पदर दुसऱ्या कारागिराकडून पुरा करून देते. त्या म्हणाल्या, "लग्नाला अजून अवकाश आहे. थोडं थांबू या."

इथून पुढचं तुम्हाला आवडणार नाही कदाचित. तुम्हाला मागावरचा जावई हवा होता. "तिकिटं फाडणारा माणूस, त्याला रेशीम काय कळणार," असं तुम्ही म्हणालात, मी हट्टानं हो म्हटलं, म्हणून लग्न झालं. दिवाळसणाला ते आले होते, कौतुकानं पदराला हात लावायला गेले, तर तुम्ही विचारलंत, "हात धुतले का?" त्यांनी हात मागे घेतला. तुम्ही होतात तोवर, आणि गेल्यावरही, मागाला त्यांनी कधी हात लावला नाही. पण त्या अर्धवट पदरापुढे मी रोज नुसतीच बसून राहते हे बघून, एका सुट्टीच्या दिवशी ते मोरीवर गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि म्हणाले, "सरक. काय करायचं ते सांग."

"तुम्हाला जमायचं नाही."

"मला विणायला कोण सांगतंय? तू वीण. धागा सैल हाय का ताठ, ते मी सांगतो."

असे आम्ही दोघं खड्ड्यात पाय सोडून बसलो. रंग मी निवडते, धागा डाव्या हातानं मी फिरवते, आणि शेवटी ओढायचं काम त्यांचं.

"किती ओढू?"

"पोरीची वेणी घालताना ओढायचात तेवढं."

"तेव्हा ती रडायची."

"मग त्याहून कमी."

त्यांची बोटं जाड आहेत, पण जपून चालतात. ते गप्प बसत नाहीत. विंचूरला कोण चढलं, कुणी कोंबडी मांडीवर घेऊन तिकीट काढायला नकार दिला, असलं काहीबाही सांगत ओढतात, आणि मध्येच म्हणतात, "चुकलं बहुतेक." मग आम्ही उसवतो. सासूबाई दारातून डोकावून जातात, आणि चहा दोन कप येतो. इकडे नाशिकच्या व्यायामाच्या बाईंनी माझ्या बोटांना काम दिलं होतं: डोळे झाकून तांदूळ, डाळ, बटणं ओळखायची. त्या म्हणायच्या, नेहमीची वाट बंद झाली तरी मेंदू कधीकधी दुसरी वाट शोधतो. आठवड्यांमागून आठवडे गेले, मग कधीतरी उजव्या अंगठ्याला धाग्याची थोडी थोडी जाग येऊ लागली. पूर्वीसारखी नाही, हातमोज्यातून शिवावं तशी.

पदर पुरा झाला. त्या बाई न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना लपवून ठेवलं नाही. म्हटलं, "या बाजूचे मोर माझे, त्या बाजूचे आम्हा दोघांचे." त्यांनी पदर दारातल्या उजेडात नेऊन नीट पाहिला. "इकडचे जरा गुबगुबीत झालेत," म्हणाल्या, आणि साडी नेली.

त्यानंतर अजून तरी नवा हल्ला आलेला नाही. येईल की नाही हे मला माहीत नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. मी मोठी कामं घेत नाही, सकाळी ऊन चढायच्या आत थोडं विणते, थकले की उठते. हात आता बऱ्यापैकी माझा मला पुरतो. तरी सुट्टीच्या दिवशी ते हात धुऊन येतातच, आणि मी सरकून जागा करते. गरज उरली नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही असतात तरी तुमच्या हाती दिलं नसतं, कारण एक गोष्ट मला तुमच्या तोंडावर सांगता आली नसती. आप्पा, तुमच्या शेजारी बसून विणताना मला सगळा वेळ भीती वाटायची. त्यांच्या शेजारी वाटत नाही, आणि मला असं विणायला जास्त आवडतं.