दत्ताच्या रूपालीचं उन्हाळी सत्र

१४ मे, कराड
माझा मित्र दत्ता गेल्यापासून त्याच्या घराकडे पाय वळत नव्हता. आज गेलो. त्याची मुलगी रूपाली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाप शेवटच्या घटका मोजत होता त्याच आठवड्यात परीक्षा, गणित राहिलं. उन्हाळी सत्रात सुटलं तरच तिसरं वर्ष. नाहीतर घरी. आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळं येतात. एक आलंय, सांगलीचं. वहिनींना ते बरं वाटतंय.

१६ मे
कॉलेजात चौकशी. सरकारी शिष्यवृत्ती नेहमीच्या सत्रांनाच. उन्हाळा त्यांच्या लेखी ऋतूच नाही. दत्तासारख्या माजी सैनिकांच्या मुलांना मदत आहे, पण सगळे विषय सुटलेले हवेत. म्हणजे आधी पास व्हा, मग पास होण्यासाठी मदत मागा. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, असं खिडकीतल्या बाईंना सांगितलं. म्हणाल्या, झेरॉक्स जोडा.
कमवा-शिका योजना सुट्टीत बंद. कर्ज मिळेतो सत्र संपेल. मला पैशाला संस्कृतात डझनभर शब्द येतात. एकही खिशात नाही.

१८ मे
शेवटी आपला धंदा. वार्ताहर म्हणून लोकांच्या पोरांसाठी किती आवाहनं लिहिली. आज हे: माजी सैनिकाच्या होतकरू मुलीस मदतीची गरज. रूपालीला वाचून दाखवलं. "काका, होतकरू काढा. हुशार लिहा की." हसली. हसताना थेट दत्ता. पुढे लिहवत नाही.

२० मे
छापून आलं. पेपरच्या सांगलीच्या डेस्कने मथळा बदलला: 'शहीद जवानाच्या कन्येला हवा मदतीचा हात'. फोनवर उपसंपादक म्हणाला, माजी सैनिक आपल्याकडे घरटी एक आहे, शहीद म्हटलं की लोक वाचतात.
दुपारी एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टचा फोन. शहिदांच्या मुलांसाठी निधी आहे, पूर्ण फी भरू. मी खुलासा केला नाही. उद्या करू म्हटलं.

२१ मे
सकाळी वहिनी दारात. आत आल्या नाहीत. पारावर पेपर वाचून कुणी तरी विचारलं म्हणे, दत्ता कवा शहीद झाला? गावच्या कमानीवर खऱ्या शहिदांची नावं कोरलेली आहेत. त्यातल्या एकाची आई वहिनींच्या शेजारी राहते. तिच्या दारावरून आज कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न.
"आवं भावजी, ते माज्या मांडीवर गेलं. पानी मागत गेलं. तुमी त्यास्नी सीमेवर न्हेऊन का मारलंसा?"
दत्ताने उभी नोकरी लष्कराच्या भटारखान्यात पुऱ्या तळल्या, आणि त्याचा त्याला अभिमान होता.
मागे रूपाली उभी. "आधी दुरुस्ती छापा काका. फीचं मग बघू."

२३ मे
दुरुस्ती आली, आतल्या पानावर, पंपसेटच्या जाहिरातीखाली. ट्रस्टला मीच कळवलं. सभ्य माणसं. वाईट वाटलं म्हणाले, पण नियमात बसत नाही. फीची मुदत आज संपली.

२६ मे
सत्र सुरू. रूपाली फी न भरता वर्गात जाऊन बसली. गणिताचे सर म्हणाले, फी भरल्याशिवाय हजेरीत नाव घेता येणार नाही, तोवर बसू दे. तोवर म्हणजे कधीपर्यंत, तिने विचारलं नाही. मीही नाही.
वहिनींनी सांगलीच्या पाहुण्यांना रविवारी मुलगी बघायला बोलावलंय. संध्याकाळी स्टँडवर रूपाली भेटली. म्हणाली, "काका, रविवारी जादा तास आहे असं आईला तुम्ही सांगाल?"
गाडी लागली, ती गेली. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आज गुरुवार.